उद्योगातले प्रकल्प : उत्तर शोधण्याआधी प्रश्न तपासू द्या



आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते आहे. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रॉडक्ट डिझाइन, म्हणजे वस्तूची रचना, कशी शिकवावी हा तो विषय. तुम्ही म्हणाल, डी.एड. करून चौथीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंना एम.टेक.च्या शिक्षणाचं काय पडलंय? त्याचं कारण आधी सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. चौथीला माझ्या वर्गात होता, नुकतंच त्याचं एम.टेक. पूर्ण झालं. फराळ करता करता म्हणाला, "बाई, माझा प्रोजेक्ट कंपनीतला होता. नुसता कागदावरचा नव्हता." मला खूप बरं वाटलं. मी म्हटलं, सांग की काय केलंस ते.

कंपनी फवारणीचे पंप बनवते. पाठीवर घ्यायचा, एका हाताने दांडा वरखाली करायचा आणि दुसऱ्या हाताने फवारायचं, तो पंप. दांडा ज्या पट्टीवर बसवलेला असतो ती पट्टी वाकते, तुटते अशा तक्रारी कंपनीकडे येत होत्या. म्हणून कंपनीने याला प्रश्न दिला : पट्टीची जाडी किती वाढवायची? याने कॉम्प्युटरवर पट्टीचं चित्र काढलं, दांडा हलवताना किती जोर लागतो ते मोजलं, तो भार चित्रावर टाकून ताण कुठे जास्त येतो ते शोधलं आणि जाडी सुचवली. अहवाल झाला, बाइंडिंग झालं, सादरीकरण झालं. मार्गदर्शक सर खूश, कंपनीही खूश. गुण उत्तम.

मी सहज विचारलं, "पण पट्टी तुटते कशाने रे?"

"लोड जास्त येतो बाई."

"कसला लोड?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "तेच सांगायचं होतं तुम्हाला. दसऱ्याला घरी गेलो होतो. चुलते कपाशीवर फवारणी करत होते. सोळा लिटरचा पंप भरला, बांधावर टेकून पट्टे खांद्यात घातले आणि उठताना त्या दांड्यावर हात दाबून उठले. काठीवर जोर देऊन उठतात ना, तसे. दांडा खाली जाऊन टेकला आणि सगळा भार त्या पट्टीवर. माझ्या हिशोबात तो भार कुठेच नव्हता."

"मग कंपनीला कळवलंस का?"

"तोपर्यंत मार्क मिळाले होते बाई."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मुलगा हुशार आहे, कष्टाळू आहे. त्याचं गणितही चुकलेलं नाही. जाडी वाढवल्यावर पट्टी कदाचित टिकेलसुद्धा. पण सोळा लिटर पाणी म्हणजे सोळा किलो, शिवाय पंपाचं वजन. एवढं ओझं घेऊन चुलत्यांना बांधावरून उठता येत नाही, हा खरा प्रश्न होता. तो प्रश्न कंपनीने विचारला नाही, कॉलेजने विचारला नाही आणि शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलालाही तो विचारावासा वाटला नाही. सहा महिन्यांच्या प्रकल्पात पंप पाठीवर घेणाऱ्या एकाही माणसाला तो भेटला नव्हता.

माझं मत असं झालं आहे : प्रकल्प उद्योगातला आहे एवढ्याने शिक्षण खरं होत नाही. उद्योगाने दिलेला प्रश्न तपासण्याची, गरज पडली तर तो बदलण्याची मुभा आणि जबाबदारी विद्यार्थ्याला असेल, तरच त्यातून वस्तूची रचना शिकता येते. नाहीतर कंपनीचं एक काम स्वस्तात होतं आणि विद्यार्थ्याच्या हातात एक जाड अहवाल येतो.

दुसरीकडे हे कसं शिकवतात?

त्या भेटीनंतर मी थोडं वाचलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी 'एमई ३१०' नावाचा अभ्यासक्रम आहे. तो पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. शैक्षणिक वर्षाची तिन्ही सत्रं तो चालतो. कंपन्या पैसे भरून प्रश्न देतात आणि तीन-चार विद्यार्थ्यांचा गट एका प्रश्नावर वर्षभर काम करतो. जोडीला बहुधा दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाचा एक गट असतो. फिनलंडचं आल्टो विद्यापीठ, जर्मनीतली पॉट्सडॅमची हासो प्लाटनर संस्था, स्वित्झर्लंडचं सेंट गॅलन विद्यापीठ अशा संस्था यात सहभागी झालेल्या आहेत.

इथपर्यंत आपल्याला नवल वाटणार नाही. पैसा आहे, मोठ्या कंपन्या आहेत, होणारच. पण वर्ष कसं आखलेलं असतं ते बघा.

सुरुवातीला अनेक वर्षं एक गंमतशीर काम दिलं जायचं : कागद आणि पुठ्ठ्याची गाडी बनवा, जिच्यावर माणूस बसून शर्यतीत भाग घेऊ शकेल. गाड्या मोडायच्या, मुलं पडायची, हसायची. पण पहिल्या काही आठवड्यांतच कळायचं की डोक्यातली कल्पना आणि हातातली वस्तू यांत किती अंतर असतं.

मग कंपनीचा प्रश्न येतो. त्याचं उत्तर लगेच मागत नाहीत. आधी ती वस्तू वापरणाऱ्या माणसांना भेटा, त्यांना वापरताना बघा, तशा प्रकारच्या दुसऱ्या वस्तू आधी कुणी केल्या आहेत ते शोधा. मग कामचलाऊ नमुने करा. पुठ्ठा, चिकटपट्टी, जुन्या वस्तूंचे भाग, काहीही चालतं. नमुना कशासाठी, तर एखादी शंका तपासून बघण्यासाठी.

दुसऱ्या सत्रात एक टप्पा असतो, त्याला ते 'डार्क हॉर्स' म्हणतात. शर्यतीत ज्या घोड्यावर कुणी पैसे लावत नाही, तो घोडा. गटाने आतापर्यंत वेडगळ म्हणून, जमणार नाही म्हणून बाजूला टाकलेली कल्पना घ्यायची आणि तिचा नमुना करून दाखवायचा. बहुतेक वेळा तो फसणार हे सगळ्यांना माहीत असतं. तरी करायचाच. कारण फसताना असं काहीतरी हाती लागतं की मूळ प्रश्नच वेगळा दिसू लागतो. पक्की वस्तू करायला घेतात ती शेवटच्या सत्रात. वर्षाच्या अखेरीला कंपनीचे लोक, शिक्षक आणि पाहुणे यांच्यासमोर ती मांडतात.

हा विचार त्या विद्यापीठात बराच आधी रुजला होता. जॉन अरनॉल्ड नावाचे प्राध्यापक १९५७ मध्ये एमआयटीतून स्टॅनफर्डला आले. एमआयटीत असताना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी विद्यार्थ्यांना एक काल्पनिक ग्रह दिला होता, 'आर्क्टरस ४'. तिथले रहिवासी पक्ष्यांसारखे, हाताला तीन बोटं, हालचाली संथ. त्यांच्यासाठी वाहनं आणि वापरायच्या वस्तू तयार करा, असं काम. पोरखेळ वाटतो ना? पण हेतू साधा होता. वापरणारा माणूस आपल्यासारखाच आहे असं आपण न विचारता धरून चालतो, ती सवय मोडायची. माझ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या ग्रहावर जायची गरज नव्हती. घरच्या बांधावर जायला हवं होतं.

प्रश्न बदलला की काय होतं?

स्टॅनफर्डचंच दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. तिथे 'डिझाइन फॉर एक्स्ट्रीम अफोर्डेबिलिटी' नावाचा अभ्यासक्रम आहे. अभियांत्रिकी, व्यवस्थापन अशा वेगवेगळ्या शाखांचे पदव्युत्तर विद्यार्थी त्यात एकत्र काम करतात. प्रश्न कंपनीऐवजी बहुधा गरीब देशांत काम करणाऱ्या संस्थांकडून येतात, पण शिकवायची रीत याच जातीची.

२००७ मध्ये एका गटाला काम मिळालं : कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना ऊब देणारी काचेची पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, अगदी स्वस्तात तयार करा. पेटीची किंमत तेव्हा वीस हजार डॉलरच्या घरात होती. सरळ विचार काय? पेटीतले महाग भाग काढा, स्वस्त भाग घाला. म्हणजे आपल्याकडची 'जाडी किती वाढवायची'.

गटातला एक विद्यार्थी नेपाळला गेला. काठमांडूच्या रुग्णालयात त्याला पेट्या दिसल्या, पण त्यांतल्या कित्येक रिकाम्या होत्या. ज्या बाळांना ऊब हवी ती खेड्यांत जन्मत होती आणि रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हती. पेटी फुकट दिली असती तरी उपयोग नव्हता. तिथे प्रश्न बदलला. 'स्वस्त पेटी कशी करायची' याच्या जागी प्रश्न आला, 'विजेचा भरवसा नसलेल्या खेड्यातल्या घरी आईजवळ बाळाला ऊब कशी मिळेल?' त्यातून 'एम्ब्रेस' तयार झालं. बाळाला गुंडाळायची छोटी दुलई, तिच्या पाठीमागे मेणासारख्या पदार्थाची पिशवी. पिशवी एकदा तापवली की काही तास बाळाच्या अंगाइतकी, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, ऊब टिकते.

पुढे हे विद्यार्थी काम घेऊन भारतात आले, बंगळुरूला राहिले. इथे आणखी एक धडा मिळाला. पिशवी किती गरम आहे हे दाखवायला त्यांनी आकड्यांची पट्टी लावली होती. खेड्यातल्या एका आईशी बोलताना कळलं की डॉक्टरांची औषधं जहाल असतात अशी समजूत आहे. सांगितल्यापेक्षा थोडं कमीच द्यावं, म्हणजे बाळाला बाधत नाही. मग ३७ अंश सांगितले तर आई सावधगिरी म्हणून कमीच तापवणार. गटाने आकडे काढून टाकले आणि फक्त 'ठीक आहे' किंवा 'ठीक नाही' एवढंच दाखवणारी खूण ठेवली. आकडे न कळणाऱ्या आईची अडचण कुणालाही सुचली असती. आकडे कळत असूनही कमी तापवणारी आई फक्त भेटल्यावरच सापडते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. वर्गातलं काम २००७ चं आणि भारतात वापर सुरू झाला २०११ मध्ये. म्हणजे एका सत्रात बाजारात जाईल अशी वस्तू तयार होत नाही. ती व्हावी अशी अपेक्षाही ठेवू नये. वर्गात तयार व्हायचा असतो तो प्रश्न तपासणारा माणूस.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे असं काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. आयआयटी मुंबईत १९६९ पासून औद्योगिक रचना शिकवणारं केंद्र आहे. तिथेच २०१४ मध्ये राज्य शासनाच्या मदतीने 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र सुरू झालं. डॉक्टर आपल्या रोजच्या अडचणी सांगतात आणि अभियंते त्यांच्यासोबत बसून उपकरणं तयार करतात. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी इथेही त्याची केंद्रं झाली.

पण तालुक्याच्या, जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात काय चालतं ते आपण आपल्या माजी विद्यार्थ्यांकडून ऐकतोच. कंपनीचं पत्र मिळवणं हेच मोठं काम होऊन बसतं. पत्र मिळालं की कंपनी तिच्या सोयीचा छोटा तुकडा देते. मार्गदर्शक आकडेमोड तपासतात. गुण अहवालाला मिळतात. काही जण तर तयार प्रकल्प विकत आणतात.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. ते खोटे नाहीत, म्हणून मांडते.

पहिला : कंपनीला उत्तर हवं असतं, चर्चा नको. खरं आहे. पण पट्टीची जाडी ठरवायला कंपनीत माणसं आहेत, ते काम त्यांना आठवड्यात जमलं असतं. त्यांना जमत नाही ते म्हणजे चार गावं फिरून पंप कसा वापरला जातो ते बघणं. तो वेळ विद्यार्थ्याकडे आहे. कंपनीचा खरा फायदा तिथेच आहे.

दुसरा : नुसतं लोकांशी बोलून यंत्र तयार होत नाही, गणित यावं लागतं. अगदी मान्य. भार कसा मोजायचा हे माझ्या विद्यार्थ्याला येत होतं म्हणूनच बांधावर त्याच्या लक्षात आलं की हिशोबात भार राहून गेला. मला ते दिसलं असतं तरी कळलं नसतं. गणित हवंच, पण कोणता भार मोजायचा हे बांधावर जाऊन कळतं.

तिसरा : स्टॅनफर्डकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही. कागदाच्या गाडीला काय पैसे लागतात? चुलत्यांच्या शेतात जायला एसटीचं तिकीट लागतं.

म्हणून एम.टेक.च्या सरांपुढे, लहान तोंडी मोठा घास घेऊन, काही सूचना ठेवते :

१. कंपनीने दिलेला प्रश्न पहिल्या महिन्यात अंतिम धरू नये. विद्यार्थ्याने वस्तू वापरणाऱ्या, विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या निदान काही माणसांना भेटून प्रश्न पुन्हा आपल्या शब्दांत लिहावा. दुरुस्तीवाल्याला विसरू नये, काय तुटतं ते त्याला सगळ्यात आधी कळतं.

२. कंपनीचा दिलेला प्रश्न आणि विद्यार्थ्याने लिहिलेला प्रश्न, दोन्ही अहवालाच्या पहिल्या पानावर शेजारी शेजारी असावेत. दोन्ही सारखेच निघाले तरी हरकत नाही, पण का सारखे हे सांगता यावं.

३. फसलेल्या नमुन्यांना गुण असावेत. फसला कशामुळे आणि त्यातून काय कळलं, एवढं विचारावं.

४. कंपनीचा एक माणूस ठरावीक दिवशी विद्यार्थ्याला भेटलाच पाहिजे, असं सुरुवातीलाच ठरवून घ्यावं. नुसतं पत्र आणि शेवटी सही, एवढ्यावर भागवू नये.

५. गुण मिळाल्यानंतर काही नवं कळलं तर ते कंपनीपर्यंत पोचवायची वाट असावी. प्रकल्प गुणांपाशी संपला की मुलगा "मार्क मिळाले होते बाई" असंच म्हणणार.

आणि आपण?

आता मूळ कारणाकडे येते. तो घरून गेल्यावर मला त्याचा चौथीतला प्रकल्प आठवला. विषय होता 'पाण्याची बचत'. आकारिक मूल्यमापनासाठी प्रत्येकाने तक्ता करायचा होता. तो तक्ता अर्धा टाकून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, आपल्या शाळेचा नळ गळतो ना, तो पहिलीच्या पोरांमुळे. त्यांचा हात नीट पोचत नाही. टाचा उंच करून उघडतात, पण बंद करताना पुरता फिरवता येत नाही त्यांना."

मी काय म्हणाले असेन? "बरं, आधी तक्ता पूर्ण कर." केंद्रप्रमुख येणार होते, भिंतीवर तक्ते लावायचे होते. त्याने तक्ता पूर्ण केला. थेंबाचं चित्र, घोषवाक्य, रंगीत कडा. मी नोंदवहीत लिहिलं, 'प्रकल्प नीटनेटका व वेळेत पूर्ण करतो.' नळ गळतच राहिला.

नऊ वर्षांचा असताना हा मुलगा वस्तूकडे बघत नव्हता, ती वापरणाऱ्या पोराकडे बघत होता. स्टॅनफर्डला मोठाल्या मुलांना वर्षभर घासून जे शिकवतात, ते याला आपोआप येत होतं. मग तेविसाव्या वर्षी ते कुठे गेलं? सगळा दोष कॉलेजवर टाकायला मन धजत नाही. 'दिलेलं काम पूर्ण कर, मग बोल' हा पहिला धडा त्याला मीच दिला होता. पुढे चौदा वर्षं सगळ्यांनी तोच गिरवून घेतला.

१९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली. ती कल्पना आपण डी.एड.ला पाठ केली, परीक्षेत लिहिली. कार्यानुभवाच्या तासाला मात्र आपण बहुतेक वेळा तयार नमुना दाखवून तसाच करून घेतो. पदव्युत्तर शिक्षण सुधारायला हवं, याबद्दल शंका नाही. पण तिथल्या शिक्षकांना जे हरवलेलं शोधावं लागतं, ते आपल्या वर्गात हरवतं.

या सत्रापासून मी प्रकल्पाच्या नोंदवहीत एक रकाना वाढवला आहे : 'मुलाने स्वतः विचारलेला प्रश्न.' पहिल्या महिन्यात बरेच रकाने कोरे राहिले. गेल्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, "बाई, खिचडीची ताटं धुवायला सगळे एकाच नळावर का जातात? दुसरा नळ तर मोकळाच असतो." मला उत्तर माहीत नव्हतं. तिला म्हटलं, उद्या मधल्या सुट्टीत तिथे उभी राहून बघ आणि मला सांग. तक्ता नंतर करू.

आपल्या शाळेत, आपल्या वर्गात असे कोणते प्रश्न आले आणि आपण त्यांचं काय केलं, ते जरूर कळवा. आणि कुणाचा माजी विद्यार्थी एम.टेक. करत असेल तर त्याला एवढंच विचारा : तू बनवतोस ती वस्तू वापरणाऱ्या माणसाला भेटलास का रे?